औंध 'तासाभरात' होत नाही : येरळेच्या खोऱ्यासाठी एक खुले पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्यातील पर्यटन, पुरातत्त्व, वने, जलसंपदा, रस्ते आणि एसटी यांबाबत निर्णय घेणारे सर्व अधिकारी,
तसेच खटाव तालुक्यातील सर्व लोकप्रतिनिधी

सविनय नमस्कार.

मी खटाव तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. हे पत्र खरं तर पाकिटात घालून एका कार्यालयाला पाठवायला हवं होतं. पण ज्याबद्दल लिहायचं आहे ते कोणत्याही एका कार्यालयाच्या ताब्यात नाही. म्हणून आपल्या सगळ्यांना, आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

शाळेची सहल लांब न नेता दोन दिवस आपल्याच तालुक्यात काढावी, असं आम्ही काही शिक्षकांनी ठरवलं होतं. मुक्काम औंधला. पहिल्या दिवशी श्री भवानी संग्रहालय आणि यमाई देवीच्या मूळपीठाचा डोंगर, दुसऱ्या दिवशी येरळा नदी आणि पक्ष्यांचे तलाव. माहिती, नकाशा आणि परवानग्या मिळवायला जिथे जिथे जाणं भाग होतं तिथे गेलो. एका कार्यालयात उत्तर मिळालं, "औंधला दोन दिवस कशाला? म्युझियम बघा, देवीचं दर्शन घ्या, तासाभरात होतं." सांगणारे गृहस्थ सौजन्याने बोलत होते आणि त्यांच्यावर माझा राग नाही. पण 'तासाभरात होतं' हे त्यांचं एकट्याचं मत नाही. आपल्या जिल्ह्याच्या पर्यटनाचा सगळा विचारच त्या दोन शब्दांवर उभा आहे, आणि तो मला मान्य नाही.

सातारा जिल्हा म्हटलं की कास, ठोसेघर, महाबळेश्वर, पाचगणी ही नावं येतात. ती यावीतच, ती ठिकाणं सुंदर आहेत. पण जिल्ह्याचा पूर्व भाग, खटाव आणि माण, हा पर्जन्यछायेतला मुलूख. इथे धबधबे नाहीत, धुकं नाही. म्हणून इथे बघण्यासारखं काही नाही, असं गृहीत धरलं गेलं. आमच्या मुलांनीही ते गृहीत धरलं आहे, आणि माझं दुखणं तिथून सुरू होतं.

दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांना माझी मुलं बसतात. स्मरणचित्राचा सराव घेताना 'तुमच्या गावाजवळचं दृश्य' असं सांगितलं की कागदावर काय उतरतं? दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, खाली वाहणारी निळी नदी, नदीत होडी आणि काठावर नारळाचं झाड. ज्या मुलाच्या घराबाहेर हिवर आणि बाभळी आहेत, ज्याने नदी बहुतेक वर्षभर वाळूच्या आणि काळ्या खडकाच्या रूपात पाहिली आहे, तो नारळ काढतो. आपल्या माळाचा रंग कागदावर घेण्यासारखा आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. पावसाळा संपता संपता कुसळी गवत पिवळं पडतं आणि संध्याकाळच्या उन्हात सबंध माथा तांबूस होतो. ज्वारी निसवते तेव्हा रानाचा हिरवा रंग रोज थोडा थोडा राखाडी होत जातो. हे रंग ट्यूबमधून सरळ निघत नाहीत, ते बघून, मिसळून करावे लागतात. त्यासाठी मुलाला माळावर नेऊन बसवावं लागतं.

आणि असं बसवायला महाराष्ट्रात औंधइतकी योग्य जागा मला दुसरी माहीत नाही. याचं कारण तिथल्या संग्रहालयात आहे. आपल्यापैकी ज्यांनी ते शांतपणे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी आश्रय दिला. सूर्यनमस्कार घराघरांत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या कलाकृतींसाठी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभं केलं, आणि तेही राजवाड्यात नव्हे, मुंबई-पुण्यात नव्हे, तर यमाईच्या डोंगराच्या उतारावर. तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, पहाडी आणि इतर शैलींतली लघुचित्रं आहेत, बंगाल शैलीची चित्रं आहेत, पाश्चात्त्य कलाकृती आणि त्यांच्या प्रतिकृती आहेत. हेन्री मूर यांचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्पही आहे. विसाव्या शतकातल्या जगातल्या मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं काम खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे, आणि याच तालुक्यातल्या कित्येक मुलांनी ते दहावी होईपर्यंत पाहिलेलं नसतं.

मला नेहमी वाटतं, पंतप्रतिनिधींनी ही जागा सहज म्हणून निवडली नसणार. गावातून वर जाताना आधी संग्रहालय लागतं आणि मग मूळपीठ. देवीला निघालेला भाविक चित्रांवरून जातो आणि चित्रं बघायला आलेला माणूस थोडं आणखी चढला की तटबंदीपाशी पोहोचतो. वर उभं राहिलं की खाली गाव, तळं, वाडे, शेतं आणि पूर्वेकडे येरळेचं खोरं पसरलेलं असतं. आत लघुचित्रात झाडांची रांग, डोंगराची कड, आभाळाची पट्टी बघितलेली असली की बाहेर येऊन डोळे तेच शोधू लागतात. हा अनुभव मी माझ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. त्यासाठी आत जितका वेळ लागतो तितकाच बाहेर लागतो, आणि बाहेरच्या त्या वेळाची सोय आपल्या आराखड्यांत मला कुठे दिसत नाही.

या परिसरात आणखी काय आहे, तेही नोंदवते, कारण मला ते एका कागदावर एकत्र मिळालं नाही. औंधने १९३९ मध्ये आपल्या प्रजेला राज्यकारभार सोपवला. गांधीजींच्या सल्ल्याने झालेला तो प्रयोग ग्रामपंचायतींना खरे अधिकार देणारा होता, आणि संस्थानं अजून राज्य करत असतानाच्या काळात तो झाला. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर इथे राहिले, स्वाध्याय मंडळ इथून चालवलं. तेही मूळचे चित्रकार. साने गुरुजी आणि ग. दि. माडगूळकर इथे विद्यार्थी होते. गायक अनंत मनोहर जोशी या दरबारचे आणि त्यांचे पुत्र गजाननबुवा यांचं नावही याच गावाशी जोडलेलं. त्या परंपरेचा संगीत महोत्सव आजही औंधला भरतो आणि गाणं ऐकायला लोक लांबून येतात.

गावाबाहेर पडलं की भूषणगड आहे, सपाटीतून एकटाच वर आलेला डोंगर आणि त्यावर हरणाईचं देऊळ. सातारा–पंढरपूर रस्त्यावर वर्धनगड आहे. महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचं कटगुण याच तालुक्यात. सेवागिरी महाराजांचं पुसेगाव, नदीकाठचं सिद्धेश्वर कुरोली. वडूजला ९ सप्टेंबर १९४२ रोजी तहसील कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार तिथे हुतात्मा झाले. खाली येरळवाडी आणि मायणीचे तलाव, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पट्टकादंब आणि चक्रवाक हिमालय ओलांडून येतात. दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलखात पाण्यावर गुलाबी रांग उभी असते, आणि ती बघायला आमच्यातल्या फार थोड्यांना सकाळी उठून जाता येतं. पुढे ही नदी सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. माळावर धाविक, चंडोल, खोकड आणि नशीब असेल तर लांडगाही दिसतो.

यातली एकही गोष्ट नव्याने बांधायची नाही. सगळं आहे. तरीही औंधला आलेली गाडी दुपारी परत फिरते. आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी. या खोऱ्यात येणाऱ्या माणसाचा विचार करणारं कुणीच नाही. संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, पक्ष्यांचं संवर्धन वन खात्याकडे, तलावांचं पाणी जलसंपदाकडे, नदीतली वाळू महसूलकडे, रस्ते काही बांधकाम खात्याकडे तर काही जिल्हा परिषदेकडे, देवस्थान विश्वस्तांकडे, बस महामंडळाकडे. प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरतं काम चोख केलं तरी पर्यटक दोन हद्दींच्या मध्ये उभाच राहतो. संग्रहालयातून बाहेर पडलेल्या माणसाला आज येरळवाडीला पक्षी आहेत की नाहीत हे कोण सांगणार? तलावावर आलेल्या पक्षीनिरीक्षकाला जवळच एवढा मोठा चित्रसंग्रह आहे हे कुठे कळणार? आमच्या सहलीसाठी मी दारोदार फिरले तेव्हा प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं. ती दारं चुकीची नव्हती. पण या सगळ्यांनी एकत्र बसून आराखडा करावा असं टेबल कुठे नव्हतं.

दुसरी तक्रार पर्यटनविकास म्हणून सर्रास जे केलं जातं त्याबद्दल. निधी आला की आधी कमान, मग पेव्हर ब्लॉक, मग रंगीत कारंजं आणि इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव लिहिलेला सेल्फी पॉइंट. महाराष्ट्रातल्या किती गावांच्या वेशीवर हे सारखंच दिसतं! औंधच्या डोंगरावर हे येऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथला काळा दगड, जुन्या पायऱ्या, उतारावरची झाडं यांचा एक तोल आहे. चित्रकलेच्या माणसाला तो लगेच दिसतो, आणि बिघडला तर तोही लगेच दिसतो. काचेचा पूल, झिपलाइन, दिव्यांच्या माळा यांना इतर ठिकाणं आहेत. आमच्या डोंगराला सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि चार जागी बसायला दगडी कठडे पुरेसे आहेत. यातली स्वच्छतागृहाची बाब मी मुद्दाम मधे घातली आहे. मुलींची सहल कुठे न्यायची हे ठरवताना आम्ही शिक्षिका सगळ्यात आधी तेवढंच विचारतो, आणि त्याचं उत्तर मिळालं नाही की उरलेलं ठिकाण कितीही सुंदर असो, यादीतून जातं.

तिसरी, नदी. येरळा ही या खोऱ्याची आई असं भाषणात म्हटलं जातं. तिच्या पात्रातून वाळू किती वर्षं उपसली गेली हे काठावरच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. वाळू गेली की पाणी मुरायचं थांबतं, काठच्या विहिरी खाली जातात आणि पात्रात वेडी बाभूळ माजते. ज्या नदीकाठी मुलांना घेऊन चालायचं, दगड-गोटे आणि पक्ष्यांची पावलं दाखवायची, तिथे प्लास्टिक आणि खड्डे दाखवावे लागतात. याच तालुक्यातल्या गावांनी श्रमदानाने ओढे, नाले, माथे बांधून काढले आहेत. उन्हाळ्याच्या दिवसांत बाया-माणसं टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर गेली. त्यांनी माथ्यावर अडवलेलं पाणी ज्या नदीत उतरायचं, त्या नदीची राखण शासनाने केली नाही तर त्या श्रमांचा मान कसा राहणार?

चौथी पक्ष्यांबद्दल, आणि ती जरा नाजूक आहे. लोकांनी तलावांवर यावं असं मी म्हणते आहे, आणि लोक आले तर पक्षी जातील ही भीतीही मला आहे. रोहित पक्षी उथळ पाण्यात मान खाली घालून चिखल गाळून खातो. त्याला दिवसाचे बरेच तास शांतपणे खायला मिळावं लागतं. फोटोसाठी कुणी जवळ गेलं, ड्रोन उडवला, थवा उठवण्यासाठी टाळ्या वाजवल्या, तर तो खाणं सोडून उडतो आणि असं वारंवार झालं तर जागाच सोडतो. पाणी फार चढलं तरी त्याचे पाय टेकत नाहीत. म्हणून येरळवाडी-मायणीला पर्यटन न्यायचं तर नियम आधी आणि जाहिरात नंतर, हा क्रम हवा. आज समाजमाध्यमांवर फोटो आधी पोहोचतात, मागोमाग गाड्या येतात आणि नियम कुणाला ठाऊक नसतात.

पाचवी, एसटी. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आहे त्यांच्यासाठीच हे खोरं आहे का? रेल्वेने येणारा माणूस पुणे–मिरज मार्गावर रहिमतपूरला उतरू शकतो, साताऱ्याहून औंध साधारण ४५ किलोमीटर. अंतर काहीच नाही. पण औंधहून वडूज, तिथून तलाव आणि संध्याकाळी परत, असा फेरा एका दिवसात सार्वजनिक वाहनाने बसवून बघा. बाहेरच्या पर्यटकाचं सोडा, आमच्याच गावातली आजी आणि तिची नात यांनी संग्रहालय आणि पक्षी दोन्ही बघायचं म्हटलं तर कसं बघायचं? शैक्षणिक सहलींना एसटी निम्म्या भाड्यात गाडी देते, ही फार मोठी सोय आहे. तरी सहली लांबच्या वॉटर पार्कला जातात, कारण तिथे जेवण, पाणी, शौचालय, सुरक्षितता आणि वेळापत्रक हे सगळं एका फोनवर ठरतं. शिक्षकांना दोष देण्याआधी तो फोन औंधसाठी कुणाला करायचा, एवढं सांगा.

सहावी छोटी आहे. आपल्या मुलांना चित्रं समजावून सांगणारं, त्यांना कागद घेऊन बसू देणारं असं काही नियमित घडावं. एवढ्या संग्रहाशेजारी राहून जिल्ह्यातली मुलं स्थिरचित्रासाठी अजूनही तांब्या आणि दोन वांगीच मांडतात.

असं जगात कुठे होतं का, असं आपण विचाराल. होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रँडीवाइन नावाची एक लहानशी नदी आहे. १९६७ मध्ये तिच्या पूरक्षेत्रात कारखाने येऊ घातले तेव्हा तिथल्या काही रहिवाशांनी ती जमीन विकत घेऊन वाचवली आणि नदीखोऱ्याच्या रक्षणासाठी संस्था काढली. चार वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याच संस्थेने नदीकाठच्या एका जुन्या पिठाच्या गिरणीत कलासंग्रहालय सुरू केलं. वाइथ घराण्यातल्या चित्रकारांनी याच खोऱ्यातली शेतं, टेकड्या आणि घरं रंगवली होती. आज तिथे आलेला माणूस चित्रं बघतो, नदीकाठच्या पाऊलवाटेने चालतो, चित्रकाराचा स्टुडिओ बघतो आणि चित्रातलं शेत प्रत्यक्ष बघायलाही जाऊ शकतो. जमीन, पाणी आणि चित्रं ही एकाच संस्थेची जबाबदारी आहे. म्हणून त्यांना नदीचा विचार संग्रहालयापासून वेगळा करावा लागत नाही. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वादळानंतरच्या पुराचं पाणी त्यांच्या आवारात शिरलं आणि मोठं नुकसान झालं. नदीजवळ राहण्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. मी त्यांची नक्कल करा म्हणत नाही. तिथे पाणी जास्त, इथे कमी. तिथे खाजगी देणग्या, इथे शासन आणि ग्रामसभा. पण खोरं आणि कला यांचा एकत्र विचार करता येतो, आणि त्याला पन्नासहून अधिक वर्षांचा अनुभव आहे, एवढं त्यातून घेता येईल.

शिवाय औंधला हा विचार परका नाही. ज्या संस्थानाने खेड्यांच्या हाती कारभार दिला, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत वसवली, तिथल्या लोकांना आपल्या परिसराचा कारभार आपण करायचा हे नव्याने शिकवावं लागणार नाही. त्यांना विचारलं मात्र पाहिजे. बाहेरच्या सल्लागाराने केलेला आराखडा तयार होऊन आल्यावर ग्रामसभेत वाचून दाखवणं म्हणजे विचारणं नव्हे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

औंध आणि येरळा खोरं यांसाठी सर्व संबंधित खात्यांची एक समिती नेमा आणि तिचा एकच समन्वयक अधिकारी जाहीर करा, ज्याचं नाव आणि दूरध्वनी संग्रहालयाच्या, बसस्थानकाच्या आणि तलावांच्या फलकांवर असेल. समितीत औंध, वडूज, येरळवाडी, मायणी परिसरातल्या ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी, मच्छीमार, मेंढपाळ, पक्षीअभ्यासक आणि शिक्षक असावेत. महिलांना निम्म्या जागा द्या. तिची पहिली बैठक औंधला घ्या, जिल्ह्याच्या ठिकाणी नको.

संपूर्ण खोऱ्याचा एक चांगला नकाशा मराठीत काढा. त्यात चालण्याचे आणि सायकलचे रस्ते, अंतरं, पाण्याच्या आणि सावलीच्या जागा, कोणत्या महिन्यात काय दिसतं आणि कुठे जाऊ नये, हे सगळं असावं. हे काम आमच्या शाळांतली मुलं शिक्षकांबरोबर करू शकतात, आणि मी त्यासाठी माझा वेळ विनामोबदला द्यायला तयार आहे.

गावातून संग्रहालयावरून मूळपीठापर्यंतची वाट पायी चालणाऱ्यांसाठी नीट राखा. काँक्रीट नको. कडुलिंब, वड, पिंपळ, हिवर अशी इथली झाडं लावा आणि पहिली तीन वर्षं त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी लेखी ठरवा. डोंगरावर कोणतंही नवं बांधकाम करण्याआधी त्याचं रेखाचित्र ग्रामसभेत आणि संग्रहालयात महिनाभर लावून हरकती मागवा.

थंडीच्या महिन्यांत शनिवार-रविवारी औंध, वडूज, येरळवाडी, मायणी असा फेरा करणारी एक एसटी सुरू करून बघा. एका हंगामापुरती. प्रवासी मिळाले नाहीत तर बंद करा, पण वेळापत्रक आधी सगळीकडे लावा, नाहीतर ती रिकामीच धावणार.

तलावांवर पक्ष्यांपासून किमान अंतर ठरवून खुणा करा, ड्रोनवर आणि हिवाळ्यात होड्यांच्या सहलींवर बंदी घाला. आडोसा असलेली निरीक्षणाची जागा करा. आसपासच्या गावांतल्या तरुण-तरुणींना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण द्या आणि त्यांचं मानधन ठरवा. जो मासेमारीवर जगतो त्याला विश्वासात घेतल्याशिवाय एकही नियम टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

येरळेच्या पात्रातला बेकायदा वाळूउपसा थांबवा आणि कारवाईची माहिती दर तिमाहीला ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा. नदीत कचरा टाकणाऱ्या गावांना, त्यात माझंही गाव आलं, कचऱ्याची पर्यायी व्यवस्था मिळवून द्या.

आणि शेवटची मागणी माझ्या विद्यार्थ्यांसाठी. खटाव आणि माण तालुक्यांतल्या प्रत्येक मुलाला आठवी संपण्याआधी एकदा तरी शासनाच्या खर्चाने औंधला आणा. एक पूर्ण दिवस. सकाळी चित्रं, दुपारी डोंगरावर कागद, रंग आणि समोरचं खोरं. दरवर्षी त्यातली निवडक चित्रं औंधला प्रदर्शनात लावा. खर्च एका कमानीपेक्षा कमी येईल.

या मागण्यांपैकी काहींना पैसा लागेल, पण बहुतेकांना फक्त एकत्र बसावं लागेल. काही आधीच चालू असतील आणि मला त्याची माहिती नसेल, तर ती माहिती गावांपर्यंत का पोहोचली नाही याचंही उत्तर हवं आहे.

हे पत्र मी औंध आणि वडूजच्या ग्रंथालयांत ठेवते आहे. ज्यांना पटेल त्यांनी त्यावर सही करावी, ज्यांना पटणार नाही त्यांनी आपला मुद्दा खाली लिहावा. सह्यांसह त्याच्या प्रती वरील सर्व कार्यालयांत आवक नोंद करून दिल्या जातील. येत्या ग्रामसभेच्या आत आपल्यापैकी प्रत्येकाचं लेखी उत्तर यावं. ते होकाराचं असो वा नकाराचं, आम्ही ग्रामसभेत जसंच्या तसं वाचू. आमची सहल थंडी सुरू झाली की निघणार आहे, दोन दिवसांची. समन्वयक अधिकारी तोपर्यंत नेमला गेला तर त्यांनी मुलांबरोबर यावं, हे या पत्रातूनच निमंत्रण.

आपली,
एक कलाशिक्षिका
खटाव तालुका, जिल्हा सातारा